पाव गोळी

३ मार्च, रविवार

औषध कंपनीचा माणूस दरवर्षी एक डायरी देऊन जातो. पानापानाच्या तळाशी आरोग्याचा सल्ला छापलेला असतो. आजवर ती दुकानातच पडून असायची. यंदा घरी आणली, कारण मला आनंद झालाय आणि तो सांगायला घरात फक्त हे आहेत. ह्यांना काही सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. भिंत निदान ‘हं’ तरी म्हणत नाही.

खारू येतेय, आणि पाहुणी म्हणून नाही, राहायला. लहानपणी दोन्ही गाल भरून खायची म्हणून खारू, आता तिलाच बाळ होणार आहे. जावईबापूंना इथल्या शाळेत नोकरी मिळाली. एप्रिलच्या शेवटी दोघं येतील, वरच्या दोन खोल्यांत राहतील आणि जूनमध्ये बाळ होईल. मी दुकानात तीनदा सुटे पैसे चुकीचे मोजले, गिऱ्हाईकं हसली.

हे वरच्या खोल्यांना रंग देताहेत. रंगारी बोलवा म्हटलं तर म्हणाले, “रंगारी कडेला नीट देत नाहीत.” आयुष्य अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढलं, त्यामुळे कडा हा ह्यांचा जिव्हाळ्याचा विषय. निवृत्त झाले तरी फडकं घडी घालूनच ठेवतात.

गावात मात्र दुसरंच चाललंय. जुनं केंद्र पुढच्या वर्षी बंद व्हायचंय. त्याच जागी नवं, मोठं केंद्र बांधायचं, की टेकडीवर पवनचक्क्या, घरोघरी छपरावर सौर पॅनेल आणि केंद्राच्या मोकळ्या जमिनीवर बॅटऱ्या, ह्यावर एप्रिलमध्ये मतदान आहे. ह्यांना विचारलं, “तुमचं मत कुणाला?” तर म्हणाले, “पिवळा जरा गडद झाला का गं?”

४ मार्च, सोमवार

महिन्याचा पहिला सोमवार, म्हणून दुपारी बाराला केंद्राचा भोंगा झाला. चाचणीचा भोंगा. नवीन माणूस दचकतो, आम्ही घड्याळं लावतो. शिंपी मशीन थांबवून डबा उघडतो. मी भोंगा संपला की घरी फोन करून भाजी काय करायची ते विचारते. पूर्वी कंट्रोल रूमला करायचे, तेव्हा ह्यांचे सहकारी म्हणायचे, “वहिनींची भाजी बरोब्बर बारालाच अडते.” अडते त्याला मी काय करू?

आजच आयोडीनच्या गोळ्यांची खोकी आली. दर पाच वर्षांनी गावातल्या प्रत्येक घराला नवीन पाकीट द्यायचं आणि मुदत संपलेलं परत घ्यायचं. औषधाचं दुकान एकच, त्यामुळे हे काम आईपासून आमच्याकडे. उद्या केंद्रात काही झालंच तर ही गोळी गळ्यातल्या एका ग्रंथीला राखते. बाकीच्या माणसाने आपलं आपण बघायचं.

जुनी पाकिटं परत येताना मजा येते. कुणाचं बटणांच्या डब्यातून निघतं, कुणाचं टेबलाच्या हलत्या पायाखालून. एकाने विचारलं, चव कशी असते हो? म्हटलं, तुम्हाला कधी न कळो.

१० मार्च, रविवार

आज बाळाचं सामान काढलं. टोप्या, दुपटी, झबली, खारूचा जुना मऊ टॉवेल. सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि लगे हात घरातल्या नव्या गोळ्याही वाटून टाकल्या. आमच्या दोघांची एक पुडी, खारू-जावयांची एक. मग लक्षात आलं, बाळाचं काय? तक्ता बघितला, नवजात बाळाला पाव गोळी. गोळ्या कापायची डबी आणली, एका गोळीचे चार समान तुकडे केले, अजिबात भुगा होऊ दिला नाही. एक तुकडा छोट्या पुडीत घातला, वर लिहिलं ‘बाळ’ आणि ठेवली टोप्यांशेजारी. इतकी गोड दिसत होती ती पुडी!

हे समोर जेवत होते. माझ्या हाताकडे बघत राहिले, मग ताट तसंच सोडून उठले आणि अंगणात गेले. खिडकीतून पाहिलं तर गाडीपाशी उभे. गाडी नेहमीसारखी तोंड रस्त्याकडे करून लावलेली होती. आमच्या वसाहतीत सगळ्यांच्याच गाड्या अशा उभ्या असतात, बाहेरचे लोक हसतात. केंद्राची शिस्त, दुसरं काय. मी हाक मारली, “पित्त झालंय का?” म्हणाले, “हो.” बडीशेप दिली.

संध्याकाळी खारूचा व्हिडिओ कॉल आला. मी एकेक वस्तू दाखवली. पुडी दाखवली, तर “आई, नंतर बोलते,” म्हणाली आणि ठेवला फोन. सातवा महिना, दमत असेल.

१३ मार्च, बुधवार

दमली नव्हती.

आज दुकानात फोन आला. म्हणाली, “आई, नवीन केंद्र होणार असेल तर आम्ही येणार नाही. तुझ्या जावयाची नोकरी गेली तरी चालेल.” मी म्हटलं, अगं, तू ह्याच घरात वाढलीस, तुला काय झालं? गाल बघ तुझे!

“मला काही झालं नाही आई. पण बाळाच्या टोपीशेजारी ती पुडी ठेवून मला झोप लागणार नाही. आणि ती पुडी तुला गोड वाटते, त्याचीच मला जास्त भीती वाटते.”

मी चिडले. म्हटलं, भित्रेपणा आमच्या घराण्यात नाही, हा तुझ्या सासरचा असेल. हे बोलायला नको होतं. ती रडली नाही, “बरं,” एवढंच म्हणाली. खारूचं ‘बरं’ मला रडण्यापेक्षा कठीण जातं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे शिडीवर होते. उतरले नाहीत. ज्या भिंतीला रंग देऊन झाला होता, तिलाच पुन्हा द्यायला लागले.

मला अणू-बिणू काही नको आणि वारा-बिराही नको. मला माझी पोर वरच्या खोलीत हवीय. तिच्या चपला दारात हव्यात. एवढंच माझं राजकारण.

१९ मार्च, मंगळवार

मेजर आले होते. ते काही सैन्यातले नाहीत. ह्यांच्या शिफ्टचे प्रमुख होते आणि आवाज तसा आहे म्हणून मेजर. संध्याकाळी दोघं बुद्धिबळ खेळतात, दोघंही हरलेला डाव मान्य करत नाहीत.

आज पट मांडलाच नाही. मेजर म्हणाले, “सहा तारखेला जाहीर सभा आहे. नव्या केंद्राच्या बाजूने तू बोल. माझं कुणी ऐकत नाही, मी ओरडतो. तुझ्यावर गावाचा विश्वास आहे.”

हे बराच वेळ प्यादं हातात घेऊन बसले. मग म्हणाले, “बोलेन.”

माझ्या हातातला चहाचा कप तिथेच आपटला मी. स्वतःच्या पोरीला घराबाहेर ठेवायला हा माणूस भाषण करणार! मेजर गेल्यावर म्हटलं, “तुम्हाला ते केंद्र लेकीपेक्षा जवळचं.” आजपासून अबोला. काय सांगायचं ते मी रेडिओला सांगते, म्हणजे, “जेवण वाढलंय हो, रेडिओ.”

२२ मार्च, शुक्रवार

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई गोळ्यांचा साठा बघायला आल्या. पवनचक्क्यांच्या बाजूने फिरताहेत, म्हणून मी त्यांना जरा टोचलं. “बाई, केंद्रामुळे आजवर किती माणसं आजारी पडली ते तरी सांगा.”

वाटलं होतं आता मोठा आकडा फेकतील. त्या म्हणाल्या, “एकाचंही नाव मी खात्रीने सांगू शकत नाही. कुणी सांगत असेल तर त्याच्यावर पण विश्वास ठेवू नका.”

“मग कशाला एवढी पायपीट?”

“दरवर्षी मी एक कवायत घेते. भोंगा खरा झाला तर दवाखाना रिकामा कसा करायचा. चालणारे बसमध्ये बसतात. ऑक्सिजनवरच्या आजोबांना कुठे न्यायचं, कशात न्यायचं, वाटेतच काही झालं तर काय करायचं, हे मला अजून सुटलेलं नाही. पवनचक्कीसाठी मला दवाखाना रिकामा करायला कुणी सांगणार नाही.” मग खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि गेल्या.

दुपारी दुकानातून समोर बघते तर हे शाळेच्या छपरावर! तिथे सौर पॅनेल बसवताहेत, एक तरुण इंजिनिअर मुलगी आहे कामावर. हे तिच्यापुढे हात हलवत उभे. ती हसत होती, हे नाही. भाषणाआधी भांडण उकरून काढायला गेले असणार. ह्या वयात छपरावर चढायचं, आणि घरात स्टुलावर चढून बल्ब बदला म्हटलं की गुडघा दुखतो.

२८ मार्च, गुरुवार

हे रोज सकाळी टेकडीवर जातात. वारा मोजायचा खांब उभा केलाय तिथे. केस पार विस्कटून परत येतात. माझ्याशी अबोला, म्हणून जेवताना वरणाच्या भांड्याला विचारलं, “रात्री वारा पडला, ऊनही नाही, तर काय करायचं?” विरोधात मुद्दे गोळा करताहेत, दिसतंच आहे. मी भांड्याच्या वतीने उत्तर दिलं, “लवकर झोपायचं.” हे हसले. मला हसायचं नव्हतं.

खारूचा फोन नाही. मीही केला नाही. टोप्या कपाटात ठेवून दिल्या.

१ एप्रिल, सोमवार

भोंगा झाला. अबोला होता तरी घरी फोन केला. “भाजी?” म्हटलं. “भेंडी,” म्हणाले. ठेवला. बाकी काही विशेष नाही.

६ एप्रिल, शनिवार

घरी आले आणि आधी लिहायला बसले.

शाळेचं सभागृह भरलं होतं. मी मागच्या रांगेत बसले, म्हणजे वेळ पडली तर उठून जाता येईल. मेजर पहिल्या रांगेत बसले होते. हे वर गेले, माईक स्वतःच्या उंचीला लावला, घसा खाकरला.

“जुन्या केंद्रात मी तीस वर्षं काम केलं,” म्हणाले. “आम्ही चुका केल्या, पकडल्या, सुधारल्या. गावाला काही होऊ दिलं नाही. त्याचा मला अभिमान आहे.” मेजरांनी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. मी नाही.

“लोक मला विचारतात, काही बिनसलं तर बटण दाबून बंद करता येतं ना? येतं. पण बंद केलं तरी आतली उष्णता जात नाही. दिवसचे दिवस पाणी फिरवत राहावं लागतं. पंप चालला पाहिजे, पंपाला वीज मिळाली पाहिजे, माणूस जागा पाहिजे. बंद केलेल्या चुलीला आम्ही तीस वर्षं राखत बसलो.

“मी शाळेच्या छपरावर जाऊन त्या मुलीला विचारलं, तुझ्या कामात सगळ्यात वाईट काय होईल? म्हणाली, पॅनेल फुटेल. कुणी वरून पडू शकतं, म्हणून कमरेला दोर बांधतो. बॅटरीला आग लागू शकते, म्हणून वस्तीपासून लांब ठेवायची. मी म्हटलं, मग? म्हणाली, मग विझवायची. हे इतकं सोपं उत्तर मला कंट्रोल रूममध्ये कुणी दिलं नव्हतं. वारा पडेल, ढग येतील, तेव्हा बॅटऱ्या लागतील, शेजारच्या गावांशी तारा जोडाव्या लागतील, कधी जपून वापरावं लागेल. त्रास आहे. मी हिशोब करून बघितला, सोसण्यासारखा त्रास आहे. पवनचक्की बिघडली की थांबते. बस, थांबते.”

मला वाटलं मी चुकीच्या माणसाचं भाषण ऐकतेय.

मग ह्यांनी चष्मा काढला. “अजून एक आहे. घरी मी सांगायचो, काही भीती नाही. मी भीत होतो. रोज. शिफ्ट संपली की यंत्रासमोर उभं करायचे, यंत्र सांगायचं, स्वच्छ आहे. घरी आलो की पोरगी धावत यायची आणि मी हात मागे घ्यायचो. आधी अंघोळ, मग ती. हळूहळू तिने धावत येणं सोडलं. आमच्या वसाहतीत गाड्या रस्त्याकडे तोंड करून का लावतो, हे आपण एकमेकांना कधी विचारलंय? मागच्या महिन्यात माझ्या बायकोने जेवणाच्या टेबलावर गोळीचे चार तुकडे केले. पाव गोळी, अजून जन्मालाही न आलेल्या नातवंडासाठी. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ही सवय तिला मी लावली.”

सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. माझ्या स्वयंपाकघरातली गोष्ट चारचौघांत! आणि तरी डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. पित्त नव्हतं ते. बडीशेप दिली मी त्या माणसाला.

मेजर उठले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. “म्हणजे आपण तीस वर्षं वाईट काम केलं?”

“नाही मेजर. फार चांगलं केलं. म्हणूनच म्हणतो, पुढच्या पोरांना इतकं चांगलं करायला लावू नका. एखाद्या दिवशी कुणीतरी थोडं कमी चांगलं करेल.”

मेजर टोपी घालून निघून गेले.

आम्ही चालत घरी आलो. वाटेत मी म्हटलं, “गुडघा दुखतोय का?” अबोला संपला.

७ एप्रिल, रविवार

सकाळी खारूचा फोन. कुणीतरी भाषण मोबाईलवर घेतलं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलं. आधी नुसती रडत होती. मीही रडले.

मग म्हणाली, “आई, मत कुणालाही पडू दे, आम्ही येतोय.”

“अगं, पण तू तर म्हणाली होतीस...”

“मला वाटलं होतं मला पवनचक्क्या हव्यात. हव्यातच. पण त्याच्या आधी मला बाबांच्या तोंडून हे ऐकायचं होतं. लहानपणी मला वाटायचं मी त्यांना आवडत नाही.”

हे बाजूलाच उभे होते, फोन स्पीकरवर होता. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि बाहेर गेले. झाडांना पाणी घातलं. झाडांना कालच घातलं होतं.

१४ एप्रिल, रविवार

मतदान झालं. रांगेत लोक ह्यांच्याशी हात मिळवत होते, काही जण मुद्दाम पाठ करून उभे होते. ज्यांची पोरं नव्या केंद्रात नोकरीची आशा धरून बसली होती, त्यांचा राग मला कळतो. शिंपी माझ्याशी बोलला नाही. त्याचा मुलगा केंद्रातलंच काम शिकतोय.

संध्याकाळी निकाल लागला. पवनचक्क्या आणि सौर, थोडक्या मतांनी. डॉक्टरीणबाई दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या, म्हणाल्या, आता खरं काम सुरू. हे म्हणाले, “शिंप्याच्या मुलाला त्या छपरावरच्या मुलीकडे घेऊन जाईन. पंप कळतो त्याला, बाकीचं शिकेल.” आनंद झाला का, विचारलं. म्हणाले, “झाला. मेजर नाहीत, म्हणून अर्धाच.” पट मांडून समोर कुणी नसताना बसले होते. मी खेळू का म्हटलं, तर म्हणाले, “तुला घोडा कसा चालतो ते माहीत आहे का?” नव्हतं. शिकवलं. हरले मी, मान्य केलं.

२७ एप्रिल, शनिवार

आले!

अर्ध्या टेम्पोत पुस्तकंच. जावईबापू प्रत्येक खोक्याला ‘हे हलकं आहे’ म्हणत होते आणि एकही हलकं नव्हतं. पाळणा मात्र जिन्यात अडकला. हे खालून ढकलताहेत, जावई वरून ओढताहेत, मी मधून सूचना देतेय. इतक्यात फाटकातून आवाज आला, “तिरका करा, तिरका! तीस वर्षं मशिनरी हलवली, एक पाळणा हलवता येईना!” मेजर होते. अस्तन्या वर करून आत शिरले, पाळणा वर पोचवला, घाम पुसला आणि ह्यांना म्हणाले, “मला पटलेलं नाही हां.” हे म्हणाले, “ठीक आहे.” मग मेजर म्हणाले, “आज पांढरी माझी.” दुपारभर पट मांडून भांडत बसले दोघं.

मेजर गेल्यावर मी उशा घेऊन वर निघाले. दार उघडं होतं. खारू पलंगावर टेकून बसली होती, हे खुर्चीत. हे तिला विचारत होते, “लहानपणी तुला भीती वाटायची का गं?”

खारूने जरा विचार केला. “तुम्ही घरी असलात की नाही वाटायची. शिफ्टला असलात की वाटायची. पण आई कधीच घाबरायची नाही. मग मीही कुणाला सांगितलं नाही.”

मी जिन्यातच बसले, उशा पोटाशी धरून. दुकान, गोळ्या, पाकिटं, सगळं हसत हसत केलं मी इतकी वर्षं. लोक म्हणायचे, तुमचा धीर बघून आम्हाला धीर येतो. माझ्या पोरीनेही तोच बघितला आणि एकटीच घाबरत राहिली.

उठले, वर गेले आणि दोघांसमोर उभी राहून म्हटलं, “मला वाटायची. रोज.”

आजवर हे मी कुणाला म्हटलं नव्हतं, ह्या डायरीलाही नाही. ह्यांनी माझ्या हातातल्या उशा घेतल्या. खारू थोडी सरकली आणि शेजारी मला जागा करून दिली.